टाकीच्या झाकणावरचा टिळा

मी, विठाबाई भिमाजी मुंजाळ, वय वर्षे पंचाहत्तर, धंदा शेती, राहणार कवठे येमाई, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकानं किंवा कोणाच्या गोडीगुलाबीनं नव्हे, तर स्वतःच्या मनानं लिहून ठेवत आहे. माझी प्रकृती वयाच्या मानानं बरी आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं आहे. स्मरणशक्ती शाबूत आहे, घरातल्या काहींच्या मते गरजेपेक्षा जास्त. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, आणि केल्याचा कागद कोणी काढून दाखवला तर तो खोटा समजावा.

आमच्या वकीलबाई, अ‍ॅडव्होकेट अनुपमा थिटे, मला म्हणाल्या की मृत्युपत्र दोन पानांत बसतं. मी त्यांना म्हटलं, घर आणि जमीन दोन पानांत बसेल, ट्रॅक्टर बसणार नाही. त्या हसल्या आणि आणखी कागद घेतले.

कलम १. माझे पती कै. भिमाजी सन २०१७ साली वारले. मला एक मुलगा सत्यजीत आणि एक मुलगी सुवर्णा. सत्यजीत रांजणगावच्या कारखान्यात कामाला असून सून प्रतिभासह कारेगावला राहतो आणि सुट्टीला गावी येतो. सुवर्णा दौंडला दिलेली आहे. दोघंही मला विचारतात, दोघंही माझं ऐकत नाहीत. तेव्हा वाटणीत दुजाभाव करण्याचं काही कारण नाही.

कलम २. कवठे येमाई येथील राहतं घर, पुढच्या ओट्यासह आणि मागच्या शेडसह, सत्यजीत आणि प्रतिभा या दोघांच्या नावे. दोघांच्या म्हणजे दोघांच्या. सातबारा असो की घराचा उतारा, बाईचं नाव शेवटी बारीक अक्षरात घालायची जी पद्धत आहे ती इथं चालवू नये.

कलम ३. केंदूर येथील एक एकर दहा गुंठे जमीन माझ्या वडिलांनी मला चोळीबांगडीत दिलेली आहे. ती सुवर्णाला. चोळीबांगडीची जमीन लेकीकडेच जावी असं मला वाटतं. सत्यजीतनं याला तोंडी संमती दिली आहे, तेव्हा तो जेवत होता, पण संमती ती संमती.

कलम ४. बँकेतली शिल्लक दोघांना निम्मी निम्मी. पाटल्या प्रतिभाला, बोरमाळ सुवर्णाला. तांब्याचं घंगाळ माझी जाऊ वच्छलाबाई हिच्याकडे सन १९८८ पासून आहे. ते मी तिला दिलेलं नव्हतं, तिनं लग्नाला म्हणून नेलं होतं. ज्यांचं लग्न होतं त्यांना आता नातवंडं आहेत. घंगाळ तिलाच राहू द्यावं, फक्त ते माझं आहे एवढं तिला एकदा सांगावं.

कलम ५. ट्रॅक्टर.

सन १९८२ चा, पस्तीस अश्वशक्तीचा, मूळचा लाल. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ती कंपनी आता राहिलेली नाही. पतीच्या निधनानंतर दोन्ही मुलांच्या संमतीनं तो माझ्या नावावर झालेला आहे. तो चालू स्थितीत आहे. हे वाक्य मला वीस वर्षांनंतर लिहायला मिळतंय, म्हणून वकीलबाईंना ते ठळक अक्षरात घ्यायला सांगितलं आहे.

तीन वर्षांपूर्वी सत्यजीत म्हणाला, "आये, भंगारवाल्याला दिऊन टाकू. कुठलंच ग्यारेज त्याला हात लावत न्हाई." तेव्हा मला पहिल्यांदा प्रश्न पडला की का लावत नाही? ज्यांचं पोट दुरुस्तीवर, ते बिघडलेली वस्तू बघून मागं का सरकतात? डॉक्टर म्हाताऱ्या माणसाला बघायचं नाही म्हणत नाही. मी प्रतिभाला म्हटलं, तुझी स्कूटी काढ. दोन वर्षांत आम्ही दोघी शिरूर आणि दौंड तालुक्यांतली नऊ गॅरेज फिरलो. ट्रॅक्टर नेला नाही, मोबाईलमधला फोटो नेला आणि प्रत्येकाला एकच विचारलं, की जुना ट्रॅक्टर का घेत नाही?

शिरूरच्या शोरूमवाल्या गॅरेजात छातीवर नावाची पाटी लावलेला पोरगा होता. तो म्हणाला, "आजी, कागदावरचा नंबर आन् इंजिनावरचा नंबर जुळला तरच काँप्युटरमध्ये दुरुस्तीचं जॉबकार्ड उघडतं. जुन्याचं इंजिन कितींदा बदललेलं असतंय. तुमच्या फोटोत तर नंबरच दिसंना, सगळा रंगच रंग." आणि नंबर जुळला तरी पार्ट मिळणार नाहीत, असं वर म्हणाला.

कारेगावला एक बिहारी मिस्त्री. हातातला पाना खाली न ठेवता त्यानं उत्तर दिलं. "माताजी, पुराने में एक बोल्ट टूटा तो मेरा पूरा दिन गया. ग्राहक बोलेगा, एक बोल्ट ही तो निकाला." मला हे फार पटलं. गोधडी उसवायला शिवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, पण उसवण्याचे पैसे कोणी देत नाही.

केडगावच्या मिस्त्रीनं मागच्या अंगणात उभा असलेला एक ट्रॅक्टर दाखवला. पार्ट येईपर्यंत म्हणून ठेवला, सात महिने झाले, स्टेअरिंगवर गुळवेल चढली होती. तो म्हणाला, "मावशी, जुना ट्रॅक्टर म्हंजी धा मिस्त्र्यांचं काम. कुणी कुठला बुश ठोकलाय, कुणी दुसऱ्याच गाडीचं नळकांडं बसवलंय, ते खोलल्याबिगर कळत न्हाई. आन् खोललं की ते सगळं माझंच झालं."

शेवटी दौंडला गेलो. तिथं भारत नावाचा पन्नाशीचा मिस्त्री होता. त्यानं चहा सांगितला आणि सावकाश बोलला. "काकू, पार्टचं, बोल्टचं ते समदं खरं हाय. पण खरं कारण येगळं. जुन्यात चाळीस वर्षांच्या चुका असत्यात, आन् खापर फुटतं त्ये शेवटचा हात ज्याचा लागला त्याच्यावर. न्हावऱ्याच्या आण्णा मिस्त्रीचं काय झालं ठावं हाय न्हवं? सोन्यासारखा मानूस. कवठ्याच्या कुणा चेअरमननं भर बाजारात त्याला चोर म्हनलं, डिझेलचा पंप परस्पर बदलला म्हनून. तवापासून त्यानं बोर्ड लावला. त्याचं बघून आमी समद्यांनी ठरवलं, जुनं घ्यायचंच न्हाई."

मी कप खाली ठेवला. प्रतिभा माझ्याकडं बघायला लागली. कवठ्याचे चेअरमन म्हणजे आमचे हे. विकास सोसायटीचे चेअरमन, कै. भिमाजी मुंजाळ. नऊ गॅरेज फिरून मी जे शोधत होते ते माझ्याच घरातून निघालेलं होतं.

कलम ६. हे कलम मालमत्तेचं नाही. वकीलबाई म्हणाल्या असं कलम नसतं. मी म्हटलं, लिहा.

सन १९९४ साली आम्ही शेवटची बैलजोडी विकली. भाद्रपदी पोळा आला. घरात पुरण शिजलेलं, गोठा रिकामा. हे ओट्यावर बसून राहिले, जेवायला उठेनात. मी म्हटलं, "ट्रॅक्टर हाय की."

"त्याला शिंगं कुठं हायेत?"

"मग आख्खाच रंगवू."

शिंगं गडीमाणसानं रंगवायची असतात, पण इथं शिंगंच नाहीत म्हटल्यावर बायकोनं हात लावला तरी चालेल, असा निकाल यांनी दिला. रंगाचा हात मला चांगला होता. त्या पोळ्यापासून दर पोळ्याला मी ट्रॅक्टर रंगवला. घरात जो ऑइलपेंट उरलेला असेल तो. सुवर्णाच्या लग्नाच्या वर्षी चंदेरी, सोसायटीच्या निवडणुकीच्या वर्षी निळा. बोल्ट, नळ्या, पाट्या, काही सोडलं नाही. आणि सगळं झालं की डिझेलच्या टाकीच्या झाकणावर, अगदी मधोमध, लाल टिळा. ते झाकण स्टेअरिंगच्या पुढं, वर, कपाळासारखं असतं. कुंकू वाऱ्यानं उडून जातं म्हणून टिळाही ऑइलपेंटचा, वर्षभर टिकावा असा. मला त्या टिळ्याचा अभिमान होता.

सन २००४ पासून ट्रॅक्टर बंद पडायला लागला. सुरू व्हायचा झकास, आणि अर्ध्या-पाऊण तासानं शेताच्या मधोमध उभा. हे उतरायचे, झाकण उघडून काडी घालून डिझेल बघायचे, झाकण लावायचे, आणि ट्रॅक्टर पुन्हा सुरू! हे मिशीवर हात फिरवून म्हणायचे, "मला भितंय." मग ट्रॅक्टर न्हावऱ्याला आण्णा मिस्त्रींकडे गेला. त्यांचं नाव मारुतराव शितोळे, पण सगळे आण्णाच म्हणतात. त्यांची पद्धत अशी की टाकीवर विश्वास ठेवायचा नाही, वर डिझेलची बाटली टांगायची आणि इंजिन चालवून बघायचं. बाटलीवर ते दिवसभर चालायचं. घरी आणलं की पुन्हा तेच. असं तीनदा झालं. चौथ्यांदा आण्णांनी पंप काढला, धुतला, तपासून आणला आणि बसवला.

पंप घरी आला तो धुतलेला, नुसत्या लोखंडाचा. आमचा पंप निळा होता, त्यावर माझा पिवळा पट्टा होता. यांनी बघितला आणि म्हणाले, "हा आपला न्हाई." त्यानंतरही ट्रॅक्टर बंद पडला, म्हणजे संशय पक्का झाला. आण्णा म्हणाले, "चेअरमन, पंपावरचा नंबर बघा, तुमच्या पुस्तिकेत नंबर आसंल." हे म्हणाले, "नंबर कोन बघतंय? मला माझा रंग वळखू येतो." हे सगळं शिरूरच्या बाजारच्या दिवशी, माणसांच्या गर्दीत. चेअरमनचा शब्द होता. आण्णांचं कोणी ऐकलं नाही. मीही ऐकलं नाही. मी तर घरी येऊन म्हणाले की पट्टा माझ्या हातचा होता, मी ओळखणार नाही का? आण्णांच्या गॅरेजवर पुढच्या महिन्यात बोर्ड लागला, "जुने ट्रॅक्टर घेतले जाणार नाहीत." आम्ही त्याला त्यांचा ताठा समजलो.

दौंडहून आल्यावर मी एक करायचं ठरवलं. जुनी खुरपी घेतली आणि ट्रॅक्टर खरवडायला बसले. रोज तासभर, ऊन उतरल्यावर. हिरवा निघाला, त्याखाली निळा, त्याखाली चंदेरी. एकेका थराला मी हाक मारत होते. हे गेले त्या वर्षी मी रंग दिला नव्हता, पण नसलेला थर दिसत नाही. पंपावरचे थर निघाले तेव्हा लोखंडात कोरलेला नंबर दिसला. ट्रॅक्टर घेतला तेव्हाची पुस्तिका मी ट्रंकेतून काढली. हात धुतले, चष्मा लावला आणि एकेक आकडा बोटानं जुळवला. तोच नंबर. पहिल्या दिवसापासूनचा तोच पंप. आण्णांनी काही बदललेलं नव्हतं.

मला रडू आलं आणि रागही आला, आधी यांचा आणि मग माझा.

पण मग ट्रॅक्टर बंद का पडत होता? हा प्रश्न तसाच राहिला आणि मला चैन पडेना. चौथ्या दिवशी मी झाकणावरचा टिळा खरवडला. तो नखाएवढा जाड झालेला होता. त्याखाली, अगदी मधोमध, दाभण जाईल एवढं, रंगानं बुजलेलं भोक. मी दाभण घातलं, आरपार गेलं. आता तेलाचा डबा ज्या बाईनं फोडलाय तिला हे कोणी शिकवायला नको. एकच भोक पाडलं तर तेल डुबूक डुबूक करून थांबतं. दुसरं भोक पाडलं की हवा आत जाते आणि धार लागते. टाकीचंही तेच. हवा आत जायची वाट माझ्या टिळ्यानं, दर पोळ्याला थरावर थर चढत, दहा वर्षांत पुरती बुजली होती. हे काडी घालायला झाकण उघडायचे तेव्हा हवा जायची, म्हणून तो पुन्हा सुरू व्हायचा. यांना कोणी भीत नव्हतं. आणि आण्णांच्या बाटलीला वरून तोंड उघडं होतं.

मला खात्री करायची होती. नवी बॅटरी घेतली, ताजं डिझेल घातलं, प्रतिभा बसली. भोक मोकळं ठेवून दोन तास नांगरट केली, एकदाही थांबला नाही. मग मी भोकावर साबण लावला आणि बांधावर घड्याळ घेऊन बसले. अडतिसाव्या मिनिटाला ट्रॅक्टर बंद पडला. साबण काढला, चालू. प्रतिभा स्टेअरिंगवरून ओरडली, "आत्या, तुमीच व्हय ओ!" व्हय, मीच.

तेव्हा मी, विठाबाई भिमाजी मुंजाळ, शपथेवर लिहून देते की मारुतराव शितोळे यांनी आमच्या ट्रॅक्टरचा पंप बदलला नाही. त्यांना चोर म्हटलं ते खोटं होतं. बिघाड माझ्या हातून झाला आणि दोष त्यांच्या कपाळी लागला. कै. भिमाजी असते तर त्यांनाही हे लिहायला लावलं असतं.

कलम ७. सदर ट्रॅक्टर मी माझी सून प्रतिभा हिला देते. सत्यजीतला नाही, कारण त्याच्या कारखान्यात मशीन दहा वर्षांची झाली की बदलतात आणि त्याला ती सवय लागली आहे. अटी अशा. ट्रॅक्टर भंगारात देऊ नये. त्याला रंग देऊ नये. पोळ्याला झेंडूची माळ, हळदीकुंकू आणि पुरणपोळीचा नैवेद्य द्यावा, कुंकू बोटानं लावावं आणि दुसऱ्या दिवशी पुसावं. झाकणाच्या भोकात महिन्यातून एकदा दाभण घालावं. दाभण ट्रॅक्टरसोबत तिलाच दिलेलं आहे.

कलम ८. माझे रंगाचे ब्रश मी कोणालाही देत नाही.

कलम ९. मारुतराव शितोळे यांना मी या मृत्युपत्रानं काहीही देत नाही. हे विसरून राहिलेलं नाही. मला काय द्यावंसं वाटत होतं ते मी वकीलबाईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, ज्याच्या नावे काही ठेवायचं त्याला साक्षीदार घेऊ नये. मग मी म्हटलं, त्यांना काही नको, त्यांना साक्षीदार करा.

कारण मी दोनदा न्हावऱ्याला जाऊन आले. पहिल्यांदा शटर बंद होतं. दुसऱ्यांदा आण्णा समोर खुर्चीवर बसले होते. "या वहिनी," म्हणाले, पाणी दिलं. मी पाणी प्यायले आणि तशीच परत आले. मला लाज वाटली, तोंडच उघडलं नाही. मेल्यावर माफी मागणं सोपं असतं, तेव्हा कोणी आपल्या डोळ्यांत बघत नाही. मला तसं करायचं नाही. म्हणून हे मृत्युपत्र मी जिवंत असताना, माझ्यासमोर, साक्षीदारांना पहिल्या शब्दापासून मोठ्यानं वाचून दाखवायचं आहे. प्रतिभा आण्णांना आणायला गेली आहे. साक्षीदार क्रमांक दोनची जागा कोरी सोडली आहे. ते आले नाहीत, किंवा ऐकून सही न करता उठले, तर तो त्यांचा हक्क आहे. दुसरा साक्षीदार बघावा, आणि त्यांना कोणी काही म्हणू नये.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सुवर्णानं करावी. घंगाळाचा निरोपही तिनंच सांगावा, तिला तोंड आहे.

येणेप्रमाणे मृत्युपत्र मी स्वखुशीनं लिहून दिलं आहे. ते मला वाचून दाखवलं, बरोबर आहे.

ठिकाण : शिरूर
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार : विठाबाई भिमाजी मुंजाळ (सही)

साक्षीदार क्र. १ : डॉ. सुलक्षणा पोकळे, शिरूर (सही). लिहून देणारीस मी आज तपासलं आहे. त्या पूर्ण शुद्धीवर असून वाचन चालू असताना त्यांनी मला दोन ठिकाणी गप्प बसायला सांगितलं.

टीप : डॉक्टरांचा दाखला सोडता साक्षीदारानं सहीखेरीज काही लिहायचं नसतं. साक्षीदार क्र. २ यांनी सहीखाली स्वतःच्या हातानं लिहिलेला मजकूर लिहून देणारीच्या आग्रहावरून न खोडता तसाच ठेवला आहे. — अ‍ॅड. अनुपमा थिटे

साक्षीदार क्र. २ : मारुतराव गेणू शितोळे, न्हावरे (सही)

वहिनी, समदं ऐकलं. तीनदा बाटली टांगली पन झाकान उलटं करून बगितलं न्हाई, मिस्त्री म्हनून ती चूक माझी. ट्रॅक्टर सोमवारी घिऊन या. मागचं ऑइल सील तवाच गळत हुतं, ते राहिलंय.